केकवरची साय कोणत्या म्हशीची?



दहावी झालेल्या मुलामुलींना आय.टी.आय.मध्ये ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेता येतो, आणि मी तो इथे पुण्यात शिकते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाव आणि बिस्किटांचे लिहून झाले. तरी घरोघरच्या बायकांची एक विचारणा राहतेच. काकी तर फोनवर दर वेळी विचारते, ‘‘अगं, ती पेस्ट्री पेस्ट्री म्हणतेस ती नेमकी कशाला?’’

घोळ शब्दाचा आहे. तालुक्याच्या बेकरीत काचेच्या कपाटात केकचे चौकोनी तुकडे मांडलेले असतात. वर पांढरी नक्षी, मध्ये लाल चेरी. आपण त्यालाच पेस्ट्री म्हणतो. धंद्यातली माणसे मात्र पेस्ट्री म्हणतात ती पदर सुटणाऱ्या पिठाला. आपली चहाबरोबरची खारी, क्रीमरोलची नळी, पॅटिसचे आवरण, ही सगळी त्या घराण्यातली. तेव्हा ज्या बाईने दिवाळीला चिरोटे केले आहेत, तिने निम्मी पेस्ट्री आयुष्यभर केलीच आहे म्हणायची.

चिरोट्यात आपण काय करतो? तूप आणि तांदळाची पिठी फेटून साटा करतो. एका पोळीवर साटा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, मग घट्ट वळकटी करून कापतो, हलक्या हाताने लाटतो आणि तळतो. तुपाने दोन पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि कढईत पदर उमलतात. खारीत हेच, पण हिशेबाने. मैद्याच्या पोळीत लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, गार करायची. पुन्हा लाटायची, पुन्हा तिहेरी घडी. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे थर होतात ७२९. तीनाला तीनाने सहा वेळा गुणून बघा, शाळेतल्या पोरांना गणित द्यायला बरे आहे. भट्टीत गेल्यावर पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर उचलून धरते. खारीत ना सोडा असतो ना यीस्ट. ती फुगते ती नुसत्या वाफेवर.

ऐकायला सोपे, करायला फार अवघड. कारण लोणी. लोणी बत्तीस ते पस्तीस अंशांना वितळते आणि पुण्याचा उन्हाळा चाळिशीला टेकतो. लोणी पातळ झाले की ते पिठात मुरते, थर उरत नाहीत, आणि खारीची भाकरी होते. म्हणून आमचे सर हा पाठ भल्या सकाळी घेतात. दगडी ओटा गार असतो, आणि दोन घड्यांच्या मधे पीठ शीतकपाटात अर्धा तास विसावते. इथे घाई चालत नाही आणि गप्पाही चालत नाहीत.

सर्वसाधारण बेकरीवाला एवढा सोस कशाला करील? तो घेतो पेस्ट्री मार्गारीन. हे वनस्पती तेलापासून केलेले घट्ट स्निग्ध, दिसायला लोण्यासारखे पिवळे, पण उन्हाळ्यातही न डगमगणारे. पदर सुरेख सुटतात आणि खर्चही कमी येतो. खूण एकच. ते अंगाच्या उबेलाही पुरते वितळत नाही, म्हणून खारी खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा लेप राहतो. लोण्याची खारी जिभेवर विरते, मागे काही ठेवत नाही. उद्या चहाबरोबर खारी घ्याल तेव्हा जिभेने टाळू चाचपून बघा. डबा वाचायला नको.

वनस्पतीविषयी एक मात्र सांगायला हवे. ती घट्ट करण्याच्या जुन्या रीतीत ट्रान्स फॅट नावाचा अपायकारक भाग तयार होई, हृदयाला वाईट. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्या देशात तेला-तुपातले त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. तेव्हा आज प्रत्येक डबा विषाचा आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे वेगळ्याच गोष्टीविषयी आहे, आणि ते आपल्या गोठ्याशी जाऊन भिडते.

केकवर सजावट करण्याचा पाठ आला तेव्हा मला वाटले होते की आता दुधाची साय येईल. आपण दुधाच्या घरातली माणसे, मी जरा ऐटीतच पुढे उभी राहिले. सरांनी शीतपेटीतून एक पाकीट काढले. वाचले, तर त्यात पाणी, साखर, पामच्या जातीचे तेल, आणि ते एकजीव ठेवणारे पदार्थ. दूध जवळपास नाहीच. यंत्रात घातले, पाच-सात मिनिटांत दुपटीहून अधिक फुगले. पांढरेशुभ्र, बर्फासारखे. यालाच बाजारात व्हिप टॉपिंग म्हणतात, आणि गल्लोगल्लीच्या केकवर बहुतेक हेच असते. क्रीमरोलच्या पोटातही बहुधा वनस्पती आणि पिठीसाखर फेटलेली असते. गोठ्याचा संबंध नावापुरता.

दुधाच्या सायीचेही करून पाहिले. तिच्यात स्निग्धांश तिसाच्या वर लागतो, ती भांड्यासकट थंडगार लागते, आणि फेटण्यात चार फेरे जास्त झाले की लोणी सुटते. हे आपल्या आयाबायांना सांगायला नको. फुगलेली साय चवीला स्वर्ग, पण उन्हाच्या दुकानात तासाभरात माना टाकते. तेलाचा फेस दिवसभर उभा राहतो. बेकरीवाल्याची बाजूही आहे तर. पाव विकून घर चालवणाऱ्याने वाढदिवसाच्या केकवर किती जोखीम घ्यावी?

पण खाणाऱ्याला कळायला हवे एवढे तर खरे ना? आईसक्रीमच्या बाबतीत कायद्याने ते केले आहे. दुधाच्या स्निग्धाचे असेल तरच त्याला आईसक्रीम म्हणायचे, आणि साध्या आईसक्रीमात तो स्निग्धांश किमान दहा टक्के हवा. वनस्पती तेलाचे असेल तर पाकिटावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहावे लागते. जत्रेत पोराला कांडी घेऊन देताना ती बारीक अक्षरे वाचा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, जे जास्त ते आधी. तेल दुधाच्या आधी आले की समजून घ्यावे.

शहरात राहून नुसते शिकले, चाखले नाही, असे कोण म्हणेल! महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघी मैत्रिणी वर्गणी काढतो आणि एखादी जिन्नस चाखून येतो. मध्ये एका शनिवारी पुण्याच्या कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीत गेलो. एका इराणी कुटुंबाने १९५५ साली काढलेले हे दुकान, तिथल्या श्रुसबरी बिस्किटांसाठी लोक रांग लावतात. नाव इंग्लंडातल्या एका गावाचे, चव मात्र आता पुण्याची झाली आहे. बिस्कीट दाताखाली येते आणि पुढच्या क्षणी नसते. मी वर्गात शिकल्याप्रमाणे जिभेने टाळू चाचपली. साफ! शेजारची मैत्रीण म्हणाली, ‘‘तू खायला आलीस की परीक्षा घ्यायला?’’

इराणी हॉटेलातला मावा केक मला त्याहून आवडला. मावा म्हणजे आपला खवाच. इराणी आणि पारशी बेकरीवाल्यांनी साहेबाच्या केकात आपला खवा आणि वेलदोडा घातला आणि वेगळीच वस्तू झाली. वरून नक्षी नाही, चेरी नाही, कागदाच्या वाटीतला तपकिरी गोळा. पण तोडला की खव्याचा खमंग वास येतो, तो घरी चुलीवर दूध आटवताना येतो तसा. आमच्या वर्गात आम्ही पाऊण किलो मैद्याला अर्धा किलो खवा घालून तो केला. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागला.

मिठाईच्या दुकानांचेही तसेच. चितळे बंधूंचे नाव पुण्यात सगळ्यांच्या तोंडी, पण त्या घराण्याच्या दुधाच्या धंद्याची सुरुवात झाली सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या भिलवडीला, १९३९ साली. पेढा बर्फी शहराची म्हणायची, बाकी दूध खेड्याचे. सुट्या मिठाईच्या ताटाजवळ ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावण्याचा नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. खव्याची मिठाई घेताना ती तारीख जरूर मागा. खवा नासायला वेळ लागत नाही.

आता गोठ्याचे बोलते. अण्णांनी गेल्या आठवड्यात विचारले, की पोरी, तुझे शिक्षण झाले की गावात भट्टी टाकू, आपले दूध आपल्याच केकात घालू, डेअरीच्या फॅटच्या काट्याकडे डोळे लावून बसायला नको. त्यासाठी दोन एकरांतला उसाचा पैसा बाजूला ठेवायची त्यांची तयारी आहे. माझ्यावर एवढा भरवसा टाकला म्हणून डोळ्यांत पाणी आले, पण भरवशाला उत्तर हिशेबाने द्यायला हवे, म्हणून वही घेऊन बसले.

एक किलो लोण्यात आठशे ग्रॅम स्निग्धांश हवा. साडेतीन फॅटचे गाईचे दूध असेल तर त्याला साधारण २२ लिटर लागते, साडेसहा फॅटच्या म्हशीचे असेल तर १२ लिटर. मागे बिनमलईचे दूध उरते, त्याचे दही-ताक होते, हे धरूनही लोणी महागच पडते. एवढ्या भावाची खारी आमच्या आठवडी बाजारात कोण घेईल? शेजारीच मार्गारीनची खारी निम्म्या दरात मांडलेली असणार. केकवरच्या सायीचे तर नावच नको. आमच्याकडे वीज दिवसातून किती वेळ असते ते तुम्हाला ठाऊक आहे.

खव्याचा हिशेब मात्र वेगळा निघाला. म्हशीच्या साडेचार लिटर दुधात किलोभर खवा बसतो, गाईच्या पाच-साडेपाच लिटरमध्ये. मावा केकात मेहनत साधी, शीतपेटी लागत नाही, तीन-चार दिवस टिकतो, आणि त्याची बरोबरी तेलाच्या पाकिटाला करता येत नाही. थंडीत म्हशी जास्त देतात आणि तेव्हाच दर पडतात. त्या दिवसांतल्या वाढीव दुधाचा खवा करायचा, आणि रोजचे दूध डेअरीलाच घालायचे. ऊस आत्ताच मोडू नये, अण्णा, असे मी त्यांना कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. आईचा फोन आला की ‘‘ते मोजमाप वाचताहेत.’’

तोवर ज्यांना घरी करून बघायचे त्यांच्यासाठी नानखटाईचे माप देते, कारण पुष्कळ गावांत दिवाळीआधी रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायची पद्धत आहे, आणि बेकरीवाला अंदाजाने कालवतो. वाटीने घेऊ नका, काट्यावर तोला. वाटी दाबून भरली की मैदा जास्त जातो, सैल भरली की कमी, आणि मग नानखटाई एकदा दगड, एकदा भुगा. मैदा पाव किलो, घट्ट साजूक तूप सव्वाशे ग्रॅम, पिठीसाखर सव्वाशे ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा. आधी तूप-साखर पांढरी होईपर्यंत हाताने फेटायची, अगदी साट्यासारखी, मग मैदा मिसळून नुसते गोळा करायचे, मळायचे नाही. मळले की मैद्याला चिवटपणा येतो. तो पावाला हवा, नानखटाईला नको. तूप फार पातळ असेल तर गोळे पसरतात, म्हणून पीठ थोडा वेळ गारव्याला ठेवावे.

भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू तापवून घ्यावी, वर कडी ठेवून तिच्यावर ताटली, आणि झाकण घट्ट. आच मंद. वीस मिनिटांनी बघावे, कडा बदामी झाल्या की उतरवावे. गरम असताना ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते, तेव्हा कच्ची म्हणून पुन्हा आत ढकलू नये.

पुढच्या खेपेला भट्टीविषयी लिहीन. लाकडाची, डिझेलची की विजेची, कोणती किती पाव काढते, आणि परवाना कुठे काढावा लागतो.