डिग्री केवढ्याला पडली?

सीईटीचा निकाल लागला की नाशिकहून फोन सुरू होतात. काका, मामा, आईच्या भिशीतल्या मावशी. प्रश्न ठरलेला. "पोराला इथेच के. के. वाघ, मविप्र, संदीप असं कुठेतरी घालू, की मॅनेजमेंट कोट्यातून पुण्याला पाठवू? तू आयटीत आहेस, तुला कळतं."

सीओईपी किंवा व्हीजेटीआय मिळत असेल तर विचारूच नका, बॅग भरा. नाव मोठं आणि फी कोट्याच्या मानाने बरीच कमी. घोळ होतो तो मधल्या पायरीवर. पुण्यातलं बरंसं खासगी कॉलेज, वर होस्टेल, मेस आणि एक गाडी. समजा, नाशिकला घरी राहून शिकण्यापेक्षा हे चार वर्षांत १० लाखांनी महाग पडलं.

आता हिशोब बघा. १० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ७ वर्षं. हप्ता जवळपास १६,६०० रुपये. शिकताना चढलेलं व्याज वेगळंच. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांचं फ्रेशर पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतंय, म्हणजे हातात साधारण २५ हजार. उरले आठ-साडेआठ. त्यात हिंजवडीत राहून, जेवून दाखवा!

आणि ही कंपनी नाशिकच्या पोरालाही तोच पगार देते बरं का. स्वायत्त कॉलेजं सोडली तर नाशिक काय नि पुणे काय, विद्यापीठ एकच, सिलॅबस एकच, पेपरही तोच.

शिवाय शासनाच्या फी सवलती कॅप राउंडमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळतात, मॅनेजमेंट कोट्याला नाही. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. खुल्या गटातल्या मुलांना याच मर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी मिळते. म्हणजे कोटा घेताना ही सवलतही सोडून द्यायची.

"अहो पण पुण्याचं एक्स्पोजर?" मान्य. कंपन्या तिथे आहेत, मीटअप्स तिथे आहेत. पण त्यासाठी शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप पुण्यात करता येते. सहा महिन्यांचं भाडं आणि चार वर्षांचं भाडं यात फरक आहे की नाही?

कॉलेज बघायला जाल तेव्हा फ्लेक्सवरचं 'हायेस्ट पॅकेज' विसरा. ते एका पोराचं असतं. एनआयआरएफला दिलेला तक्ता मागा. त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार किती, हे दोन्ही असतं.

माझा खरा मुद्दा मात्र पैशांच्या पलीकडचा आहे. पहिली दोन-तीन वर्षं म्हणजे चुकीचा प्रोजेक्ट सोडायची, छोट्या स्टार्टअपमध्ये कमी पगारावर जास्त शिकायची, गेटसाठी वर्षभर थांबायची वर्षं. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता जाणारा पोरगा यातलं काहीच करू शकत नाही. बेंचवर बसवलं तरी बसतो, रात्रपाळी दिली तरी हो म्हणतो. त्याला 'नाही' म्हणणं परवडत नाही.

हे 'नाही' म्हणता येणं मला पुण्याच्या पत्त्यापेक्षा मोलाचं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर सांगा. फक्त आधी हप्ता काढून बघा.