अंथरूण मोजतं कोण?

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण आपण मुलांकडून वहीत पाच-पाच वेळा लिहून घेतो. पण शाळा सुटल्यावर आपण स्वतः काय करतो? दिवाळीच्या आधी एका कार्यक्रमात एकाने चारचौघांत माझ्या जुन्या मोबाईलची थट्टा केली. मी हसून सोडून दिलं, पण मनाला लागलं. त्याच रात्री 22 हजारांचा मोबाईल हप्त्यावर मागवला. गरज होती का? अजिबात नाही. जुना व्यवस्थित चालत होता.

राग, दुःख, कमीपणा, अगदी आनंदसुद्धा खिशात हात घालायला लावतो. लग्नसराईत तर विचारूच नका. 'लोक काय म्हणतील' म्हणून शाल-फेट्यांचे मानपान, डीजे, आणि पिकासाठी काढलेलं सोसायटीचं कर्ज मांडवात जातं. (दुष्काळात किंवा आजारपणात कर्ज झालं, त्याला मात्र कुणी उधळपट्टी म्हणू नये. तो वेगळा विषय आहे.)

'मन आवरा' असं सांगून मन आवरत नाही. मला वाट दिसली ती आपल्याच नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला ते मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची, ते ग्रामसभेत ठरवायचं. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकं नाहीत, शेतीसाठी बोअरवेल नाही. आणि हे सगळं ठरतं पेरणीच्या आधी! उभं पीक डोळ्यांदेखत वाळायला लागलं की कुणाचं डोकं ठिकाणावर राहतं?

मीही तसंच करून पाहिलं. पगार झाला की त्याच संध्याकाळी, मन शांत असताना, वही घेऊन बसतो. किराणा, दूध, लाईटबिल, मुलीची फी, आईची औषधं हे माझं पिण्याचं पाणी. ते वेगळं निघालं की थोडं दुष्काळासाठी ठेवायचं. उरेल त्यात हौस. हौस हवीच हो! पहिल्यांदा मी तिला वहीत जागाच ठेवली नव्हती, तर सगळा हिशोब दुसऱ्याच महिन्यात कोलमडला.

मध्येच काही घ्यावंसं वाटलं तर वस्तूचं नाव लिहितो, शेजारी त्या वेळी मनात काय होतं ते लिहितो आणि आठ दिवस थांबतो. 'साहेब चिडले – बूट' ही नोंद वाचून बायको अजून हसते. आठ दिवसांनी बूट आठवतही नव्हते.

तरी मागच्या महिन्यात कापडबाजारात वहीबाहेरचे 800 रुपये गेलेच. त्याचीही नोंद केलीय. शेजारी लिहिलंय, 'सेल संपत आला होता.'