यंत्र आपले, किल्ली परक्याची

१९ जुलै २०२४ रोजी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. त्या छायाचित्रांची पुष्कळ थट्टा झाली. वास्तविक थट्टा करण्यासारखे त्यात काही नव्हते. अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले होते. कंपनीची आज्ञावली वीस मूल्ये पुरवीत होती आणि नव्या फाइलीने एकविसाव्याची अपेक्षा धरली. एवढ्या क्षुल्लक विसंगतीपायी विमाने जमिनीला खिळली, रुग्णालयांतील शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. एकट्या डेल्टा या विमानकंपनीची सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण ज्या यंत्रांनी ती आधीच गिळली होती ती मुळी सुरूच होत नव्हती. मग त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचणार कशी?

अखेर जो उपाय लागू पडला तो अत्यंत साधा होता. प्रत्येक यंत्रापुढे एक माणूस जाऊन उभा राहिला. त्याने ते सेफ मोडमध्ये किंवा बाहेरून पेन ड्राइव्ह लावून सुरू केले, ती एक फाइल पुसली आणि यंत्र पुनः चालू केले. खुद्द मायक्रोसॉफ्टला दुसऱ्या दिवशी याच कामासाठी बूटेबल पेन ड्राइव्ह तयार करण्याचे साधन प्रसिद्ध करावे लागले. मोडण्याचे काम एका ठिकाणाहून लाखो यंत्रांवर झाले. जोडण्याचे काम मात्र एकेका यंत्रापुढे बसून माणसाच्या हातांनाच करावे लागले. ‘आता सगळे क्लाउडमध्ये आहे, सीडी आणि पेन ड्राइव्हचा जमाना गेला’ असे उच्चरवाने सांगणाऱ्या पंडितांनी त्या दिवसांत तोंडातून अवाक्षर काढले नाही.

आणि केवळ पेन ड्राइव्ह हाती असून भागले असेही नाही. अनेक यंत्रांतील माहिती बिटलॉकर नावाच्या कुलपाने बंद होती. ते उघडावयास ४८ अंकी किल्ली लागते आणि काही संस्थांत तर त्या किल्ल्यांची यादी ज्या संगणकावर ठेवली होती तोच बंद पडलेला होता! म्हणजे प्रश्न यंत्र बिघडण्याचा नाही, यंत्रे बिघडणारच. बिघडलेले यंत्र पुनः उभे करण्याचे साधन आणि किल्ली कोणाच्या ताब्यात असावी, हा खरा प्रश्न आहे.

दिलेली किल्ली काढून घेतली

एक काळ असा होता की नवा संगणक विकत घेतला की खोक्यात त्याच्याबरोबर फ्लॉपी किंवा सीडी मिळत असे. यंत्र बंद पडले तर ती घालावी आणि आतल्या डिस्कवर विसंबून न राहता यंत्र सुरू करावे. पुढे कंपन्यांनी चार पैसे वाचविण्यासाठी ती सीडी देणे बंद केले आणि त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात दडविलेला भाग पुरेसा आहे असे ग्राहकाला सांगितले. डिस्कच मेली तर तो कोपराही तिच्याबरोबर मरतो, हे सांगावयास मात्र त्या विसरल्या. घराची दुसरी किल्ली घरातच टांगून दार ओढून घेण्यासारखाच हा प्रकार! आता तर दुरुस्तीची सामग्री इंटरनेटवरून उतरवून घ्या, असे सांगण्यात येते. ज्याचे एकमेव यंत्र बंद आहे त्याने ती कशावर उतरवून घ्यावी, याचे उत्तर कोणी देत नाही.

त्यावर कळस म्हणजे २०२४ च्या विंडोज ११ पासून, नव्याने बसविलेल्या यंत्रावर मालकाने मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून प्रवेश केला की बहुतेक ठिकाणी डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि त्याची किल्ली त्या खात्यात, म्हणजे कंपनीच्या घरी, जाऊन पडते. कुलूप लागले आहे हे पुष्कळ मालकांना ठाऊकच नसते. ते कळते ते यंत्र बंद पडल्यावर, पडद्यावर ४८ अंकांची मागणी झळकल्यावर.

सुरक्षेचा युक्तिवाद

प्रतिपक्षाचा युक्तिवाद असा की हे सारे सुरक्षेसाठी आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. कुलूप नसलेल्या संगणकाला कोणीही बूटेबल पेन ड्राइव्ह लावून आतील सर्व कागदपत्रे वाचू शकतो. विंडोजचा पासवर्ड त्याला अडवू शकत नाही. यंत्र सुरू होतानाच आत शिरणारा ब्लॅकलोटस हा विषाणू २०२३ साली प्रत्यक्ष आढळला आहे. तेव्हा कुलूप हवे आणि सुरू होणारी आज्ञावली तपासून घेणारी सिक्युअर बूट ही व्यवस्थाही हवी. पण पहारेकरी हवा म्हणून घराचा मालकी हक्क पहारेकऱ्याच्या नावे करून द्यावयाचा काय?

सिक्युअर बूटमध्ये कोणती आज्ञावली ‘विश्वासार्ह’ हे ठरविणारी सही प्रायः मायक्रोसॉफ्टची असते. लिनक्सच्या प्रमुख आवृत्त्यांनाही त्याच दारातून आत यावे लागते. २०१२ सालच्या विंडोज आरटी यंत्रांवर तर ही व्यवस्था बंद करण्याची मुभाच मालकाला नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये जुने छिद्र बुजविण्यासाठी आलेल्या एका अद्ययावतीकरणानंतर, ज्या संगणकांवर विंडोजशेजारी लिनक्स सुखाने नांदत होते त्यांपैकी अनेकांवर ते सुरू होईना. जुन्या रेस्क्यू डिस्कही नाकारल्या जाऊ लागल्या. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अद्ययावतीकरणाने तर विंडोज ११ च्या दुरुस्ती-कक्षातच यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस निकामी केला. बुडणाऱ्याकडे दोर फेकावयाचा आणि त्याचे हात बांधून ठेवावयाचे, असा हा मामला! कंपनीने सहा दिवसांनी तो दोष दूर केला हे खरे. पण त्या सहा दिवसांत ज्याचे यंत्र बंद पडले त्याला आधार होता तो बाहेरून लावलेल्या पेन ड्राइव्हचाच. गंमत अशी की त्याच १४ ऑक्टोबरला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपवून कंपनीने असंख्य धडधाकट संगणकांच्या मालकांना नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला.

१९७८ चा अर्धवट धडा

समाजवादी चळवळीत १९७८ ची आठवण अभिमानाने सांगितली जाते. विदेशी चलन नियमन कायद्याप्रमाणे आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस नमले नाहीत आणि कंपनीने देशातून काढता पाय घेतला. परंतु या कथेचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो आणि महत्त्वाचा तोच आहे. कंपनी गेली तरी तिची यंत्रे देशभर उभी होती. ती चालू ठेवण्याचे काम सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने, तेथील अभियंत्यांनी आणि तंत्रज्ञांनी अंगावर घेतले आणि पार पाडले. घालवून देण्याचे धैर्य मंत्र्याचे होते. ते निभावले दुरुस्तीच्या कौशल्यामुळे. पुढे २००१ साली सरकारने त्याच सीएमसीची बहुसंख्य मालकी टाटा समूहाला विकली, ही गोष्ट निराळी.

आज स्वावलंबनाच्या घोषणा देणाऱ्यांची स्थिती काय आहे? कामगार संघटना, पतसंस्था, ग्रंथालये, शाळा यांच्या कचेऱ्यांतील सभासदांच्या याद्या, वर्गणीचे हिशेब, न्यायालयीन दाव्यांचे कागद एकेका जुन्या संगणकात साठलेले असतात. एके सकाळी तो सुरू होत नाही. दुकानदार पाहतो आणि निर्विकारपणे सांगतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ कचेरीतील मंडळी मान हलवितात आणि दहा वर्षांची नोंद अर्ध्या तासात पुसली जाते. आजार विंडोजचा आणि शिक्षा कागदपत्रांना! दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. वास्तविक अशा वेळी पुष्कळदा डिस्क शाबूत असते. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून सारी कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येतात.

तहान लागण्यापूर्वीची विहीर

हे काम कोणा अभियंत्याचीच मिरास नाही. आठ किंवा सोळा जीबीचा पेन ड्राइव्ह आणि तासाभराची चिकाटी पुरते. मात्र यंत्र धडधाकट असतानाच ते करावयास हवे. सिस्टमरेस्क्यू किंवा क्लोनझिला यांची आयएसओ फाइल मूळ स्थळावरून मोफत मिळते. क्लोनझिला तर तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात जन्मलेले. ती फाइल पूर्ण आणि निर्भेळ उतरली आहे ना, हे तिच्या सोबत दिलेल्या पडताळणी-अंकांशी ताडून पाहावे. बहुसंख्य लोक चुकतात ते पुढच्या पायरीवर. ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केल्याने काहीच साधत नाही. रूफससारख्या साधनाने ती ‘लिहावी’ लागते. लिहिताना पेन ड्राइव्हवरील जुने सर्व काही पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र पेन ड्राइव्हकडे ढुंकूनही पाहत नसेल तर प्रथम दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावे, मग सुरू करतानाच एफ १२, एस्केप किंवा त्या कंपनीने ठरविलेले बटण दाबून यादीतून तो निवडावा. ‘सही अमान्य’ अशा अर्थाचा संदेश आला तर अडथळा सिक्युअर बूटचा आहे. परंतु तेथे हात घालण्यापूर्वी बिटलॉकरची किल्ली हाताशी हवी, नाहीतर एक कुलूप उघडताना दुसरे लागावयाचे. पेन ड्राइव्ह चालला पण आतली डिस्क दिसत नाही, असे झाल्यास ती मेली असे मानण्याची घाई करू नये. काही नव्या यंत्रांत इंटेलची साठवण-व्यवस्था तिला झाकून ठेवते. आणि डिस्क खरोखरच कुरकुरत असेल तर दुरुस्तीचे प्रयोग वर्ज्य. आधी प्रत काढावी, मग उपचार.

तयार केलेला पेन ड्राइव्ह एकदा लावून, यंत्र सुरू करून पाहिल्यावाचून विश्वासू मानू नये. ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून कचेरीच्या कपाटात, मूळ दस्तऐवजांशेजारी ठेवावी. आणि यांपैकी कशानेही रोजच्या दुसऱ्या प्रतीची गरज टळत नाही.

मागणी दुहेरी हवी. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संगणकासोबत तो पुनः उभा करण्याचे साधन आणि त्याच्या कुलपाची किल्ली मालकाच्या हाती दिलीच पाहिजे, ही अट निदान सरकारी खरेदीच्या निविदांत तरी तात्काळ घातली जावी. पण कायद्याची वाट पाहत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. चळवळीच्या शिबिरांतून भाषणे पुष्कळ होतात. येत्या प्रत्येक शिबिरात दोन तास या कामासाठी राखले जावेत आणि प्रत्येक शाखेतून एक तरी कार्यकर्ता खिशात स्वतः तपासलेला पेन ड्राइव्ह घेऊन परतावा. ज्यांना स्वतःच्या कचेरीतला एक संगणक उभा करता येत नाही, त्यांच्या तोंडी तंत्रज्ञानाच्या लोकशाहीकरणाची भाषा शोभत नाही.