ऑनलाइन क्लास की शेजारचे सर? वर्षाची फी भरण्याआधी हे तपासा

दहावीचे वर्ष लागले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत एकच चर्चा सुरू होते : क्लास ऑनलाइन लावायचा की ऑफलाइन? केंद्राच्या २०२५च्या शिक्षणविषयक नमुना पाहणीनुसार देशातील शहरी भागात ३०.७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेतात. म्हणजे प्रश्न अनेक घरांतला आहे.

ऑनलाइनचा फायदा काय?

वेळ वाचतो. घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीत मुलांची संध्याकाळ जात नाही. न समजलेला धडा पुन्हा पाहता येतो. मात्र केवळ उजळणीचे व्हिडिओ हवे असतील, तर आधी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा. ‘दीक्षा’वरील साहित्य मोफत आहे.

मग शेजारचा क्लास कशासाठी?

गणिताचे उत्तर चुकले, पण कोणत्या पायरीवर, हे वही पाहिल्यावरच कळते. दुसरे कारण लोकलचे आहे. आई-बाबा मुंबईहून परतेपर्यंत अनेकदा रात्रीचे आठ वाजतात. तोवर मूल घरी एकटे आणि हातात मोबाइल. अशा घरांना क्लासमुळे शिस्तीबरोबर आधारही मिळतो. पण बॅचमध्ये ऐंशी मुले असतील आणि वही कोणीच पाहत नसेल, तर तोही बाकावर बसून पाहायचा व्हिडिओच!

फी बुडाली तर?

५०हून अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंग केंद्रांसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची रक्कम १० दिवसांत परत करावी, असे त्यात म्हटले आहे. अंमलबजावणी राज्यांकडे आहे आणि घरगुती शिकवण्या या कक्षेत येत नाहीत. नाव मोठे म्हणून पैसे सुरक्षित, असेही नाही. ‘बायजूज’विरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली.

निर्णय कसा घ्यावा?

स्वतःहून अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला ऑनलाइन पुरते. ज्याला बसवावे लागते, त्याला समोर शिक्षक हवा. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : ‘वही कोण तपासणार आणि किती दिवसांनी?’ स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा आणि महिनाअखेरीस वही उघडून पाहा.