पाट्यांच्या गावाला वाटाड्या हवा

पुण्याला पाट्या लिहिण्याचा कंटाळा आहे, असा आरोप या शहराचा शत्रूही करणार नाही. घंटा किती वेळा वाजवावी, वाहन कोठे लावू नये, दुपारच्या वेळी कोणी येऊ नये आणि शेजाऱ्याचा पत्ता तर मुळीच विचारू नये, हे सारे येथे पाटीवर लिहिलेले असते. आणि त्या पाट्यांची कीर्ती पुण्याबाहेरही पोहोचली आहे. परंतु परगावच्या माणसाला 'इकडून या' असे सांगावयाची वेळ आली, की याच शहराची लेखणी अडखळते. प्रेक्षणीय व ऐतिहासिक स्थळांकडे नेणारे दिशादर्शक फलक कोणत्या स्थळांसाठी, कोठे आणि कोणाच्या सांगण्यावरून लावावयाचे, याचे स्पष्ट धोरण महानगरपालिकेने मुख्य सभेत चर्चा करून लोकांपुढे ठेवावे, अशी आमची मागणी आहे.

ही मागणी आजच करण्यास कारण आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रोचा स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके उघडली. जो पाहुणा पूर्वी रिक्षावाल्याच्या भरवशावर पेठांत शिरत असे, तो आता जमिनीच्या पोटातून एकदम मंडईच्या गजबजाटात वर येतो. त्याच्या आजूबाजूला काय आहे? हाकेच्या अंतरावर तुळशीबाग. जवळच दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा. बाजीराव रस्त्याच्या बाजूला राजा दिनकर केळकर संग्रहालय, जेथे एका माणसाने हौसेने जमविलेल्या दिवे, अडकित्ते, दौती अशा वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा. आणि पायी सहज जाता येईल इतक्या अंतरावर, गंज पेठेत, महात्मा फुले वाडा. भारतातील फारच थोड्या शहरांच्या वाट्याला एवढ्या लहान परिघात एवढी श्रीमंती आली असेल. परंतु तीस-चाळीस पावलांवर काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो भाजीच्या गाड्यांतून वाट काढीत, दगडूशेठचे दर्शन घेऊन आल्या पावली परत जातो.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यात नकाशा आहे, मग लोखंडी खांबांवर पैसा कशाला घालवावयाचा? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो तसा नाही. नकाशाला प्रश्न विचारावा लागतो. ज्याला फुले वाड्याचे नाव माहीत आहे त्याला तो वाडा सापडेल. ज्याला ते नावच ठाऊक नाही, त्याला नकाशा काय सांगणार? रस्त्यावरचा फलक न विचारता बोलतो. बसच्या खिडकीतून पाहणारा शाळकरी मुलगा तो वाचतो आणि 'हे काय आहे?' असे बापाला विचारतो. अमुक स्थळ आमचे आहे आणि ते तुम्ही पाहावे, अशी शहराने भर रस्त्यात दिलेली ती ग्वाही असते. म्हणूनच फलकाचा बाण कोणाकडे दाखवावा हा प्रश्न केवळ वाहतूक अभियंत्याचा राहत नाही.

भिडे वाड्याचेच उदाहरण घ्या. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. कोर्टकचेऱ्यांत वर्षे गेली, वाडा मोडकळीस आला, आणि शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी जागा ताब्यात घेऊन तो पाडण्यात आला. शनिवारवाड्याची गोष्ट वेगळी आहे. १८२८ च्या आगीत आतले महाल गेले, तरी दिल्ली दरवाजा आणि तट उभे आहेत, आणि ते स्वतःच आपली ओळख देतात. जेथे मूळ वास्तूच उरली नाही तेथे ओळख फलकालाच द्यावी लागते. पातळेश्वराची आठव्या शतकातील लेणीही अशीच मुकी. जंगली महाराज रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात, आणि कातळात कोरलेले मंदिर रस्त्याच्या पातळीखाली दडून बसलेले असते.

आता पैशाकडे वळू. फलक उभारण्याचा व सांभाळण्याचा खर्च आहे, आणि तो उचलावयास खासगी मंडळी एका पायावर तयार असतात. हॉटेल, जलक्रीडा उद्यान, दागिन्यांची पेढी, गृहप्रकल्प. प्रत्येकाला रस्त्याच्या कडेला आपला बाण हवा असतो. कोणी म्हणतो, शनिवारवाड्याचा फलक आम्ही लावतो, खाली आमचे नाव तेवढे घाला. मग खालचे नाव वरच्या नावाहून मोठे होते! आमच्या मते येथे यत्किंचितही सवलत देता कामा नये. जाहिरातीला जाहिरातीची जागा आहे व तिचे शुल्कही आहे. मार्गदर्शक फलकाचा बाण मात्र विकाऊ असता कामा नये. तसाच तो प्रभागातील वजनानेही वळता कामा नये. प्रत्येक वजनदार माणसाला आपल्या प्रभागातील एखादे उद्यान किंवा शिल्प 'प्रेक्षणीय' वाटते, हे आम्ही जाणतो. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या १९१० पासून या शहरात काम करीत असलेल्या संस्थेचा व महापालिकेच्या वारसा विभागाचा सल्ला घेऊन एकच यादी करावी, ती जाहीर करावी, आणि ज्यांना नकार द्यावयाचा त्यांना कारणासह द्यावा. स्थळ सर्वांस खुले असावे आणि त्याच्या उघडण्याच्या वेळा निश्चित असाव्यात, एवढी अट घातली तरी निम्मे अर्ज गळतील. खासगी विश्वस्तांचे संग्रहालय या अटी पाळीत असेल, तर ते खासगी आहे म्हणून वगळण्याचे कारण नाही.

फलक कसा असावा, यात नवे शोधावयाचे काही नाही. पर्यटनस्थळांसाठी तपकिरी रंग हा संकेत अनेक देशांत रूढ झाला आहे, आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेनेही तो मानला आहे. तो पाळावा, प्रत्येक रस्त्यावर नवा रंग व नवा आकार नको. शिवाजी रस्ता व बाजीराव रस्ता एकदिशा आहेत. तेथे एक वळण चुकले की माणूस मोठा वळसा घालून परत येतो. तेव्हा फलक वळणाच्या आधी हवा. वळणावर पोहोचल्यावर दिसणारा फलक केवळ पश्चात्तापाच्या उपयोगाचा. विमानतळाकडून नगर रस्त्याने येणाऱ्या मोटारीला आगाखान पॅलेसचे नाव दुरून वाचता आले पाहिजे. कस्तुरबा व महादेवभाई देसाई यांच्या समाध्या असलेल्या त्या वास्तूपुढून वाहने भरधाव जातात. पेठांतील फलक पायी चालणाऱ्यासाठी, म्हणून लहान, डोळ्यांच्या उंचीवर, आणि मिनिटांत अंतर सांगणारे असावेत. मराठी नाव ठळक असावे, शुद्ध असावे. आणि रोमन लिपीतील त्याचे रूप साऱ्या शहरात एकच असावे.

शिवाय हे फलक साखळीसारखे असतात. पाचांपैकी तिसरा पडला की उरलेले चार निरुपयोगी ठरतात. तो वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेला तरी परिणाम तोच. कोणता फलक कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीत आहे हे लिहून ठेवावे, आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर व गणेशोत्सवाचे मांडव उतरल्यावर, त्यांची पाहणी व्हावी. मांडवाला परवाना देताना फलक झाकणार नाही ही अट घालण्यास तर पैसाही लागत नाही.

सुरुवात कोठून करावी? मंडई स्थानकाच्या दारातून करावी. १८८६ मध्ये उभी राहिलेली ही मंडई आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी याच बाजाराच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे नाव मंडईला देऊन शहराने आपले प्रायश्चित्त घेतले असेल. पण त्यांच्या घरापर्यंत पाहुण्याला पोहोचविण्याचे काम उरले आहे. स्थानकाच्या दारापासून गंज पेठेतील त्या वाड्यापर्यंत, दर वळणावर एक, असे फलक महापालिकेने येत्या २८ नोव्हेंबरला, जोतीरावांच्या स्मृतिदिनी, उभे करावेत. बाकीची यादी त्यानंतरच्या मुख्य सभेत मांडावी.