गार इंजिन म्हणजे निरोगी इंजिन नव्हे



शहापूर-मुरबाडकडे ज्या घरात भाजीपाला, दूध किंवा भात वाहणारी पिकअप वा जीप आहे, त्या घराला इंजिन तापण्याची धास्ती असतेच. कसारा नाहीतर माळशेज चढताना काटा वर सरकू लागला, की छातीत धस्स होते. पण तोच काटा दिवसभर तळाशी पडून राहिला तर आपण म्हणतो, "गाडी कशी थंड चालते बघा!" ही खुशी महागात पडते. गार चालणारे इंजिनही आजारीच असते. फक्त हा आजार बोंब मारत नाही.

चुलीचेच पाहा. ओली लाकडे घातली तर धूर फार, सरपण जास्त आणि भात मात्र शिजता शिजत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्यातले पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापले म्हणजे डिझेल नीट जळते. त्याहून गार राहिले तर ते अर्धवट जळते, धूर वाढतो, ॲव्हरेज घटते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइल पातळ करते. आतली वाफ थिजून ऑइलमध्ये मिसळते आणि पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखा थर दिसू लागतो. रिंगा आणि सिलिंडर झिजतात. हे ध्यानात येते तेव्हा इंजिन उघडायची पाळी आलेली असते.

पाण्याची उष्णता सांभाळण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप करते. तिच्यात मेण भरलेली कुपी असते. इंजिन गार असताना झडप बंद राहते, म्हणजे पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरून लवकर तापते. पाणी पुरेसे तापले की मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. ही झडप उघडीच अडकली तर इंजिन तापतच नाही.

आता परीक्षा कशी करावी ते क्रमाने सांगतो.

पहिले काम, इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचे पाणी पाहा. पाणी फारच कमी असेल तर उष्णता मोजणारा सेन्सर कोरडा पडतो, आणि आत इंजिन भाजत असतानाही काटा खालीच राहू शकतो. काट्यावर भरवसा ठेवून असे इंजिन चालवले तर ते जागीच बसेल. गरम गाडीचे झाकण मात्र कधीही उघडू नका.

पाणी बरोबर असेल तर सकाळी गार इंजिन चालू करा. पंख्यापासून हात व पदर सांभाळून, रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपला अधूनमधून बोट लावा. झडप चांगली असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्या वेळात चांगलाच तापतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी अडकली आहे, नाहीतर जागेवरच नाही. काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, हे आधी पाहून घ्या.

घाट हाही चांगला परीक्षक आहे. माळशेज चढताना काटा मध्यावर येतो आणि टोकावड्याकडे उतरताना पार तळाला जातो, किंवा इगतपुरीहून कसारा उतरताना तसेच होते, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. चांगली झडप उतारावर आपणहून मिटते आणि काटा फारसा हलू देत नाही. घरापासून स्टँडपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीवरून मात्र निकाल देऊ नका. तेवढ्यात कोणतेच इंजिन पुरते तापत नाही.

विजेवरचा पंखा गार इंजिनातही सतत फिरत असेल, तर दोष त्याच्या स्विचचा किंवा रिलेचा असू शकतो. पाइप चांगला तापतो पण काटा हलत नाही, तर सेन्सर, वायर किंवा मीटर तपासून घ्या.

थर्मोस्टॅट काढलाच तर तो जुन्या डब्यात, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा आणि पाणी तापवा. गार असताना झडप घट्ट मिटलेली हवी. तिच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान, ती उघडू लागली पाहिजे. स्वयंपाकाचे पातेले यासाठी घेऊ नका. कूलंट विषारी असून चवीला गोड लागते. सांडलेले लगेच धुऊन काढा. लेकरे, गुरे आणि कुत्री त्याच्या वाऱ्यालाही जाऊ देऊ नका.

आपल्याकडे अनेक मिस्त्री सांगतात, "आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका." गाडी तापते ती रेडिएटर तुंबल्याने, पंप वा पट्टा खराब झाल्याने, आणि काढायचे थर्मोस्टॅटला! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला तर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून आतच फिरते आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

तेव्हा गाडी दुरुस्तीहून घरी आणताना मिस्त्रीला एवढे विचाराच, की थर्मोस्टॅट जागेवर आहे ना? नसेल तर आपल्या गाडीला लागू पडणारा नवा, नव्या गॅस्केटसह बसवून घ्या, योग्य कूलंट भरा आणि आत अडकलेली हवा काढायला सांगा. इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे या झडपेची किंमत किरकोळ आहे, आणि पुढच्या हंगामात भेंडी-काकडी वेळेवर बाजारात पोचायची तर इंजिन शाबूत हवे.