काटा आला पाहिजे!

परवा ऑफिसची बस सोडून वडाळे तलावाच्या बाजूने घरी येत होते, तर काकूंनी गॅलरीतूनच हाक मारली. ‘अगं, तू त्या गोळ्यांच्या फॅक्टरीत आहेस ना? जरा वर ये बघू.’ जुन्या पनवेलमध्ये अशी हाक आली की दोनच शक्यता असतात. एक तर कुणाचं तरी स्थळ, नाहीतर कुणाच्या तरी बीपीच्या गोळीबद्दल सल्ला. (मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून थकले. तळोज्याच्या एका औषध कंपनीत कोटिंग डिपार्टमेंटला आहे, बास.)

या वेळी तिसरंच निघालं. काकू संक्रांतीचे हलव्याचे दागिने करतात. डिसेंबर लागला की त्यांच्या घरात सोफा दिसत नाही, नुसते पुठ्ठे, जर, सोनेरी कागद आणि परातीच पराती. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीचा सेट, बोरन्हाणाला बाळकृष्णाचा मुकुट आणि बासरी, जावयाला हार आणि नारळ. हल्ली या सगळ्याचं रीतसर फोटोशूट होतं, त्यामुळे ऑर्डरी वाढल्यात. आणि काकूंचं मनगट मात्र संपावर गेलंय. लेकाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. सेकंडहँड कोटिंग पॅन! ‘तूच सांग, घ्यावी का?’

मी म्हटलं, ‘घ्या की! त्यात विचार कसला?’ स्वयंपाकघरात तीन बायका शेगड्यांपुढे बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले, हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

तुमच्यापैकी किती जणांनी हलवा होताना बघितलाय? मी पनवेलची असून बघितला नव्हता. धुऊन वाळवलेले तीळ परातीत, खाली अगदी मंद आच. बाजूला मळी काढलेला स्वच्छ एकतारी पाक. चमच्याने अगदी थोडा पाक सोडायचा आणि लगेच बोटांनी तीळ फिरवत राहायचे. सुकले की पुन्हा चमचाभर. पुन्हा फिरवा. असं तीन-चार दिवस! पाक जास्त पडला तर तिळांचे गठ्ठे होतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हवा ढगाळ असली तर काही केल्या सुकत नाही. आमच्याकडे खाडीचा दमटपणा, त्यामुळे काकू पहाटेच्या थंडीत बसतात. बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालीत की मोबाइलचं फिंगरप्रिंट लॉक त्यांना ओळखत नाही. मी अर्धा तास बसले आणि ‘आई गं’ करत उठले.

गंमत म्हणजे मी रोज हेच करते, फक्त एसीमध्ये. कोटिंग पॅन म्हणजे सिमेंट मिक्सरसारखा तिरका, गरगर फिरणारा हंडा. औषधवाल्यांनी तो उचलला मिठाईवाल्यांकडूनच. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, चॉकलेटच्या जेम्स आणि पूर्वीच्या साखर चढवलेल्या औषधाच्या गोळ्या, सगळ्यांचा जन्म याच हंड्यातला. आधी लाखेचा पातळ हात, म्हणजे आतली गोळी ओली होत नाही. मग साखरेचे थर, मग रंग आणि शेवटी मेणाची झिलई. या सोपस्काराला काही दिवस लागायचे आणि गोळीचं वजन दीडपट, कधीकधी दुप्पट व्हायचं. 1950च्या दशकात फिल्म कोटिंग आलं आणि तेच काम काही तासांत, दोन-तीन टक्के वजनात व्हायला लागलं.

यात आकाराचे नखरे फार. गोल वस्तू आज्ञाधारक. चपट्या वस्तू एकमेकींना चिकटून जोड्या जमवतात, आणि ज्यांना कडा असतात त्यांच्या कडांवर थर टिकत नाही. म्हणून साखर चढवायच्या गोळ्या पोटाला फुगीर करतात. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग! म्हणून तर मगजबियांचा हलवा करायला कुणी तयार नसतं.’ घ्या! माझी दोन सेमिस्टर्स एका वाक्यात.

तर रविवारी आम्ही डीलरच्या शेडवर गेलो. मी फुल फॉर्मात. पातळ पाक, गरम हवा, हंड्याला चांगला वेग. संध्याकाळपर्यंत पांढरेशुभ्र, एकसारखे, मोत्यासारखे दाणे तयार! काकूंनी ओंजळीत घेतले, उजेडात धरले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, ‘छान झालेत गं. होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतात.’

काटाच नव्हता! आणि काटा नसेल तर तो हलवा कसला?

मी आयुष्यभर जे टाळायला शिकले ते काकूंना हवं होतं. आमच्याकडे दाण्यावर खडबडीतपणा आला की बॅच नापास. भरपूर पाक सगळीकडे सारखा पसरतो आणि जोरात घासले गेले की वर आलेली टोकं झडतात. परातीत उलटं होतं. पाक थोडा, खालचा पत्रा गरम, फिरवणं हलकं. दाण्याचा जो उंचवटा गरम पत्र्याला टेकतो तिथे साखर आधी सुकते, पुढचा थेंब तिथेच धरतो, आणि उंचवट्याचा काटा होतो.

घरी येऊन शोधाशोध केली तर थेट जपानला पोचले. तिथे कोनपेइतो नावाची मिठाई आहे, आपल्या हलव्याची सख्खी मावसबहीण वाटावी अशी. नाव पोर्तुगीज ‘कॉन्फेइतो’वरून आलेलं. 1569 साली लुईस फ्रॉइस या पाद्रीने ओदा नोबुनागा या सरदाराला ती बाटलीत भरून भेट दिली होती. तोराहिको तेरादा नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने तर तिला शिंगं का फुटतात यावर लिहून ठेवलंय. आणि ती करतात कशात? खालून तापवलेल्या, तिरक्या, अगदी सावकाश फिरणाऱ्या मोठ्या कढईत, दोन-दोन आठवडे, थोडाथोडा पाक घालत.

म्हणजे मशीनचा दोष नव्हता, माझा होता.

पुढच्या वेळी गरम हवा बंद केली, हंड्याखाली गॅस लावला, वेग अगदी कमी केला आणि चमचा काकूंच्या हातात दिला. तिसऱ्या दिवशी हंड्याचा आवाज बदलला, गुळगुळीत सरसर जाऊन खरखर आली. काकू आत न बघताच म्हणाल्या, ‘आला.’ परातीतल्याइतका टोकदार नव्हता, पण होता. लेकाने तिथेच टोकन दिलं. मी सेल्फी काढला.

परत येताना रिक्षात काकू गप्प. मग म्हणाल्या, ‘त्या तिघींना आता काय सांगू? एकीच्या मुलीची कॉलेजची फी या दोन महिन्यांवर असते.’ माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. शिवाय दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या पहिल्या संक्रांतीला याच काकूंशी सेटच्या किमतीवरून मी घासाघीस केली होती, ‘ऑनलाइन स्वस्त मिळतं हो’ असं म्हणून, तेही नेमकं तेव्हाच आठवलं. त्या वेळी त्यांनी दोनशे रुपये कमी केले होते. कुणाच्या वाट्याचे, ते मी विचारलं नव्हतं.

शेवटी काकूंनीच तोडगा काढला आणि हिशोब मला एक्सेलमध्ये घालायला लावला. पहिले दोन दिवसांचे थर हंड्यात. शेवटचे दोन दिवस परातीत, हातानेच, कारण नथीला आणि बाजूबंदाला लागणारा टोकदार काटा तिथेच येतो. तिघीही राहणार, पण मजुरी आता किलोवर नाही, तयार सेटवर, आणि ओवण्याचं जास्तीचं काम त्यांच्याकडे. आकडे जुळवायला सेटमागे दीडशे रुपये वाढवावे लागले. दोन गिऱ्हाइकांनी लगेच ‘बघून सांगतो’ म्हटलं. त्यातलं एक माझ्याच ऑफिसमधलं आहे. त्याच्याशी कॅन्टीनमध्ये मी बोलणार आहे.

येत्या रविवारी पुन्हा बसायचंय. मी थर्मामीटर आणू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘ते राहू दे. नखं कापून ये.’